एसएनसीयूमध्ये डॉक्टर, सिस्टर आणि प्रसूती विभाग यांचे जमावे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बालरोगशास्त्रात एमडी करून बंधपत्राच्या सेवेसाठी एका स्त्री रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशू काळजी कक्षात, म्हणजे आपण सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतो तिथे, रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरांनी लिहिले आहे की जुन्या सिस्टर ऑर्डर लगेच पाळत नाहीत, उलट प्रश्न विचारतात आणि रात्री लहानसहान कारणांसाठी फोन करतात. प्रसूती विभाग अवघड बाळंतपणाची खबर ऐनवेळी देतो. अशा वेळी कडक राहावे की मिळूनमिसळून घ्यावे, आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी का?

मी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून नवजात कक्षात आले आणि पुढे त्याच कामात परिसेविका, म्हणजे कक्षातल्या सिस्टरची प्रमुख, झाले, त्यामुळे हे उत्तर वॉर्मरच्या, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या, बाजूला उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे आहे. डॉक्टर, कडक की मऊ हा स्वभावाचा प्रश्न झाला आणि स्वभाव ज्याचा त्याच्यापाशी असतो. आपल्या कक्षात बाळ बोलत नाही आणि त्याची तब्येत तासाभरात पालटते. हा पालट सर्वांत आधी जिच्या नजरेला पडतो ती सिस्टर असते आणि उपचार बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो ते डॉक्टर असतात. एकाला दिसते आणि दुसऱ्याला ठरवायचे असते. या दोघांमधले अंतर किती मिनिटांत ओलांडले जाते, यावरून मी त्या कक्षातले संबंध चांगले की वाईट ते ओळखते. चहा एकत्र घेतला जातो का, वाढदिवस साजरे होतात का, या गोष्टी मला गौण वाटतात.

रात्रीच्या फोनपासूनच सुरुवात करते, कारण तुमची सर्वांत मोठी तक्रार ती दिसते. अकराशे ग्रॅमचे, नऊ दिवसांचे बाळ आहे असे समजा. नळीने दर दोन तासांनी दूध चालू आहे, संध्याकाळच्या राऊंडला सगळे ठीक होते. रात्री एक वाजता सिस्टरने फीडच्या आधी नळी ओढून पाहिली तर आदल्या फीडमधले तीन मिली दूध तसेच शिल्लक आणि त्याला हिरवट छटा. पोटाचा घेर संध्याकाळपेक्षा दीड सेंटीमीटर वाढलेला. पोटाला हात लावला तर गरम, पण तळपाय गार. अर्ध्या तासापूर्वी बाळ एकदा श्वास घ्यायचे विसरले होते, तळव्याला टिचकी मारल्यावर पुन्हा घेऊ लागले. मॉनिटरवर मात्र सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, ९३ आणि हृदयाचे ठोके मर्यादेत. सिस्टर फोन करते आणि म्हणते, ‘‘डॉक्टर, बाळ बरोबर वाटत नाहीये.’’ पलीकडून प्रश्न येतो, ‘‘सॅच्युरेशन किती आहे?’’ ती ९३ सांगते आणि ‘‘मग बघत राहा’’ एवढे उत्तर मिळून फोन बंद होतो. यात खोटे कोणीच बोललेले नाही, पण जंतुसंसर्गाची किंवा आतड्याला सूज येण्याची सुरुवात असेल तर ती मॉनिटरवर उमटायला आणखी काही तास लागतील आणि तोवर अँटिबायोटिक सुरू करण्याची चांगली वेळ निघून गेलेली असेल.

या फोनमध्ये दोन्ही बाजूंनी सुधारणा व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर सिस्टरने थांबू नये. बाळाचे आजचे वजन आणि दिवस, काय बदलले आणि कधीपासून, तिने स्वतः आतापर्यंत काय केले, आणि डॉक्टरांकडून नेमके काय हवे आहे, हे सगळे एका दमात सांगण्याची सवय मी माझ्या कक्षातल्या प्रत्येक नव्या सिस्टर मुलीला लावते. ‘‘मी हे फीड थांबवले आहे, तुम्ही येऊन पोट बघावे’’ असे वाक्य तिला संकोच न करता म्हणता आले पाहिजे. आणि डॉक्टरांसाठी नियम त्याहून सोपा आहे: त्याच बाळासाठी दुसऱ्यांदा फोन आला की प्रश्न न विचारता कक्षात यायचे. दहापैकी काही वेळा तुम्ही उगाच उठलात असे निघेल. त्या वेळी तुम्ही जे बोलाल त्यावर पुढच्या वेळी तुम्हाला फोन येईल की नाही हे ठरते. ‘‘बरे झाले बोलावलेत’’ असे म्हणून, बाळ तपासून, रिपोर्ट बुकात दोन ओळी लिहून गेलात तर ती सिस्टर पुढच्या वेळी वीस मिनिटे आधी फोन करील. ‘‘एवढ्यासाठी उठवले?’’ असे म्हणालात तर ती सकाळपर्यंत वाट बघायला शिकेल. तिला कोणी तसे शिकवलेले नसते. ते आपोआप होते.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. २०१५ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी नवजात अतिदक्षता कक्षांतील डॉक्टर-परिचारिकांच्या २४ गटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक गटासमोर आतड्याच्या आजाराने झपाट्याने बिघडत जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सराव-प्रसंग ठेवला होता. काही गटांना त्याआधी एका परदेशी तज्ज्ञाकडून त्यांच्या कामाविषयी सौम्यशी पण अपमानकारक शेरेबाजी ऐकवली गेली, इतरांना साधे तटस्थ बोलणे ऐकवले गेले. कोणी काय ऐकले आहे हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी पाहिले तेव्हा अपमान ऐकलेल्या गटांचे निदानही कमी पडले आणि हातांनी करायची कामेही. कारण शोधले तर असे दिसले की ते गट एकमेकांना माहिती कमी सांगत होते आणि मदत कमी मागत होते. शेरेबाजी करणारा त्यांचा रोजचा वरिष्ठ नव्हता, शिवीगाळ नव्हती, तरी एवढा परिणाम झाला. आपल्याकडे राऊंडमध्ये, बाळांच्या आयांच्या देखत, एखाद्या अधिपरिचारिकेला किंवा ज्युनिअर डॉक्टरला जे ऐकावे लागते त्याचा हिशेब यावरून करावा.

आता ऑर्डरवर प्रश्न विचारण्याविषयी. बाराशे ग्रॅमच्या बाळाला जेन्टामायसिन हे अँटिबायोटिक किलोला पाच मिलिग्रॅम या हिशेबाने सहा मिलिग्रॅम द्यायचे आहे. हाताशी असलेली कुपी मोठ्यांची, दोन मिलीमध्ये ८० मिलिग्रॅमची. म्हणजे थेट कुपीतून घ्यायचे तर ०.१५ मिली, जे सिरिंजमध्ये नीट मोजताही येत नाही. म्हणून एक मिली काढून दहा मिलीपर्यंत पातळ करायचे, मग प्रत्येक मिलीत चार मिलिग्रॅम होतात आणि बाळाला दीड मिली जाते. या प्रवासात दशांशचिन्ह एक घर सरकले तर डोस दहापट होतो किंवा दहावा हिस्सा, आणि दहापट जेन्टामायसिन मूत्रपिंडाला आणि कानांना काय करते हे मी तुम्हाला सांगायला नको. मोठ्यांच्या वॉर्डात दहापट डोससाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात, तेव्हा हात आपोआप थबकतो. आपल्याकडे दहापट चूकसुद्धा एका कुपीत मावते, हात थबकत नाही. म्हणून माझी सिस्टर विचारते, ‘‘डॉक्टर, सहा मिलिग्रॅम ना? पातळ करून दीड मिली?’’ तुम्हाला वाटते ती तुमच्यावर अविश्वास दाखवते आहे. तिने हा प्रश्न विचारणे थांबवले तर मात्र मी तिला ठेवणार नाही. फोनवरची तोंडी ऑर्डर तिने उलट वाचून दाखवावी, तुम्ही ‘बरोबर’ म्हणावे, आणि कक्षात आल्यावर पहिल्यांदा ती लिहून सही करावी. जुन्या सिस्टर ऑर्डर लगेच पाळत नाहीत यातला बराचसा भाग सही नसलेल्या ऑर्डरींचा असतो, कारण चौकशीच्या वेळी तोंडी ऑर्डर कोणाला आठवत नाही हे त्यांनी पाहिलेले असते.

जुन्या सिस्टर तुमच्यापेक्षा जास्त जाणतात अशी एक गोष्ट मला इथे सविस्तर सांगायची आहे, कारण तिथेच नवे डॉक्टर सर्वाधिक नुकसान करून घेतात. ती म्हणजे बबल सीपॅप, म्हणजे नळीचे टोक पाण्यात बुडवून बाळाच्या नाकातून दाबाखाली हवा देण्याची पद्धत. तुम्ही दाब पाण्याच्या पाच सेंटीमीटरइतका लिहिता आणि ऑक्सिजनचे प्रमाण ठरवता. तो दाब बाळाच्या फुप्फुसापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र संपूर्णपणे हाताचे आहे. नाकातल्या प्राँग्जचे, म्हणजे छोट्या नळ्यांचे, माप बरोबर हवे, त्या नाकाच्या मधल्या पडद्याला टेकता कामा नयेत, टोपी घसरली की नळ्या ओढल्या जातात, तोंड उघडे राहिले की हवा निसटते, नळीत पाणी साठले की दाब खाली-वर होतो. बाटलीत बुडबुडे येणे थांबले असेल तर तुम्ही लिहिलेला पाचचा दाब कागदावरच राहिला आहे असे समजावे. मी कितीतरी वेळा पाहिले आहे की बाळ दमते आहे, ऑक्सिजन वाढवत न्यावा लागतो आहे, म्हणून डॉक्टर ‘सीपॅप फेल’ लिहून श्वासनलिकेत नळी घालण्याची किंवा बाळाला पुढे पाठवण्याची तयारी करतात, आणि तेवढ्यात एखादी अनुभवी सिस्टर नाक साफ करून, प्राँग्ज बदलून, हनुवटीखाली घडी ठेवून दहा मिनिटे मागते. त्या दहा मिनिटांत पुष्कळ बाळे सावरतात. म्हणून माझी विनंती अशी की ‘फेल’ हा शब्द लिहिण्याआधी त्या पाळीच्या सिस्टरला विचारावे, ‘‘तुमच्या मते सीपॅप नीट बसला आहे का?’’ आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तिला वेळ द्यावा. ती ‘हो’ म्हणाली तर तुमचा निर्णयही पक्का होतो, आणि नळी घालताना ती मनापासून तुमच्या सोबत असते.

ऑक्सिजनच्या बाबतीत उलट घडते. तिथे मर्यादा डॉक्टरांनी ठरवलेली असते, सॅच्युरेशन ९० ते ९५, आणि ती मोडण्याचा मोह सिस्टरला होतो, कारण ९९ दिसले की मनाला बरे वाटते आणि अलार्मही वाजत नाही. पण जास्तीच्या ऑक्सिजनची किंमत बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला मोजावी लागते. या ठिकाणी तुम्ही ठाम राहिलेच पाहिजे, आणि ठाम राहण्याचा चांगला मार्ग म्हणजे नेत्रतज्ज्ञ तपासणीला येतात तेव्हा सिस्टरना शेजारी उभे करणे. आपल्याकडे दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची पडद्याची तपासणी होते. त्या वेळी डॉक्टरांनी ‘‘या बाळाला लेसर लागेल’’ असे म्हटलेले जिने ऐकले, तिला अलार्मची वरची मर्यादा पुन्हा सांगावी लागत नाही.

राऊंडविषयी माझा आग्रह एकच आहे: बाळाविषयी पहिले बोलणे त्या बाळाच्या सिस्टरने करावे. रात्रीत किती फीड पचली, लघवी किती वेळा झाली, वजन किती वाढले किंवा घटले, आई येऊन गेली का, हे तिने सांगावे आणि मग डॉक्टरांनी तपासावे. त्यासाठी राऊंडची वेळ ठरलेली हवी. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला ओव्हर देत असते, म्हणजे बाळांची माहिती सोपवत असते, त्याच वेळी राऊंड सुरू झाला तर दोन्ही अर्धवट राहतात. ओव्हर झाल्यावर, फीडची वेळ टाळून राऊंड घ्यावा. एवढी साधी गोष्ट बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि तिचा उपयोग पहिल्या आठवड्यातच दिसतो.

प्रसूती विभागाचा प्रश्न अधिक जुना आहे आणि तो फोनने सुटणार नाही. लेबर रूममधील डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासमोर एका वेळी अनेक बायका असतात, रक्तस्राव, झटके, रक्ताची जुळवणी हे सगळे चालू असते, आणि ३० आठवड्यांचे बाळंतपण पुढच्या पाच मिनिटांत होणार हे त्यांनाही कधीकधी पाच मिनिटेच आधी कळते. पण जे आधी कळलेले असते तेसुद्धा आपल्यापर्यंत येत नाही, हे खरे आहे, आणि ते आपणच जाऊन आणावे लागते. रोज सकाळच्या आणि रात्रीच्या पाळीला आपल्या कक्षातून एकाने लेबर रूममध्ये जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: ३४ आठवड्यांच्या आतले कोण दाखल आहे, जुळे कोणाचे आहे, रक्तदाब कोणाचा वाढला आहे, आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन कोणाचे कितवे झाले आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सहा मिलिग्रॅम, बारा तासांनी एक असे चार डोस हा त्यांचा विषय असला तरी त्याचा फायदा आपल्या वॉर्मरवरच्या बाळाच्या फुप्फुसाला होतो, म्हणून तो आपलाही विषय आहे. मी माझ्या मुलींना पाठवते तेव्हा हातात रिकामी वही देत नाही, मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून आलेल्या बाळांची खबर देते. ज्या सिस्टरने २९ आठवड्यांचे बाळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्याकडे धावत आणले होते, तिला ते बाळ आज दीड किलोचे होऊन आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. तिला ते सांगितल्यापासून खबर वेळेवर येऊ लागते. एक पथ्य मात्र कडक पाळावे: बाळाची स्थिती वाईट असताना नातेवाइकांसमोर ‘‘बाळंतपणाला उशीर झाला’’ असे कधीही म्हणू नये. खरोखर उशीर झाला असेल तर ते दोन विभागांच्या बैठकीत, कागद समोर ठेवून, स्पष्टपणे बोलावे.

या बैठकींविषयी थोडे कठोर बोलते. बाळ दगावल्यावर जो आढावा घेतला जातो त्याला बहुतेक ठिकाणी डॉक्टर बसतात, फार तर परिसेविका बसते. ज्या अधिपरिचारिकेच्या पाळीत बाळ गेले तिला बोलावत नाहीत, आणि बोलावले तर स्पष्टीकरण मागण्यासाठी. रात्री दोन ते पाच या वेळात काय झाले हे फक्त तिला माहीत असते आणि तेच आपण ऐकत नाही. मग कागदावर ‘सेप्सिस’, म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, किंवा ‘अपुऱ्या दिवसांचे बाळ’ असे कारण लिहिले जाते आणि त्या रात्री एका सिस्टरकडे किती बाळे होती हा मुद्दा कुठेच येत नाही. तिला बोलावताना आधी सांगावे की दोष ठरवायचा नाही, घटनाक्रम लावायचा आहे, आणि मग तो शब्द पाळावा.

मावशी आणि मामा, म्हणजे कक्षातले सफाई आणि मदतनीस कर्मचारी, यांना या चर्चेत कोणी धरत नाही. वॉर्मरचा गादीवरचा भाग दोन बाळांच्या मध्ये नीट पुसला गेला का, हात धुण्याच्या जागी साबण आणि कोरडा कागद आहे का, हे त्यांच्या हातात असते आणि त्यावर कक्षातला जंतुसंसर्ग अवलंबून असतो. शिवाय बाळांच्या आया डॉक्टरांना जे सांगायला लाजतात ते मावशींना सांगतात: दूध येत नाही, घरचे मुलगी म्हणून न्यायला तयार नाहीत, जेवायला पैसे नाहीत. वीज आणि यंत्रे सांभाळणारे लोकही याच कक्षाचे घटक आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेच्या अंधारात भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या अशाच कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली, सात वाचली. ती बाळे आठवली की आजही माझ्याने पुढे बोलवत नाही. तेव्हापासून माझ्या कक्षात वायरमनचा आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याचा फोन नंबर डॉक्टरांच्या नंबरांच्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लावलेला असतो, आणि प्लग गरम लागतो असे मावशीने सांगितले तर तो वॉर्मर त्याच क्षणी बदलला जातो.

आईविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने काळजी घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याप्रमाणे आई आता कक्षात येऊन हात धुऊन बाळाची काळजी घेते. सिस्टर आणि डॉक्टर तिला वेगवेगळे सांगतात तेव्हा ती कोणावरच विश्वास ठेवत नाही, म्हणून दूध किती द्यायचे, घरी कधी सोडणार या दोन गोष्टींवर आधी आपापसांत एकमत करावे आणि मग तिच्याशी बोलावे. बाळ गेल्याची बातमी सांगताना डॉक्टरांनी एकट्याने जाऊ नये. जी सिस्टर त्या आईला रोज बाळ हातात देत होती तिला बरोबर घ्यावे.

राहिला लेखी तक्रारीचा प्रश्न. एखाद्या सिस्टरने जाणूनबुजून औषध दिले नाही, न दिलेले दिले म्हणून लिहिले, किंवा फोन करूनही डॉक्टर आलेच नाहीत, अशा गोष्टींची तक्रार त्याच दिवशी लेखी झालीच पाहिजे आणि ती दोन्ही बाजूंनी करता आली पाहिजे. पण प्रश्न विचारणे, उलट बोलणे, ऑर्डर उशिरा पाळणे यासाठी आधी परिसेविकेला तिच्या खोलीत जाऊन भेटावे, दार लावून बोलावे आणि प्रसंग तारीख-वेळेसह सांगावा. ‘‘तुमच्या सिस्टर ऐकत नाहीत’’ यावर मला काही करता येत नाही. ‘‘मंगळवारी रात्री अकराला बाळाच्या श्वासासाठी लिहिलेले कॅफीन दोन वाजता दिले गेले’’ यावर मी त्याच पाळीत चौकशी करू शकते, आणि कदाचित मला असे आढळेल की औषध स्टोअरमधूनच दीड वाजता वर आले. वैद्यकीय अधीक्षकांकडे जायचे असेल तर आपण दोघांनी मिळून जावे, आणि जाताना मागणी न्यावी: प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरची बदली कक्षाबाहेर करू नये, रात्रपाळीला आणखी एक जागा भरावी. एसएनसीयूचे प्रशिक्षण घेऊन आणि मोठ्या रुग्णालयात जाऊन काम पाहून आलेली मुलगी सहा महिन्यांत मेडिकल वॉर्डात पाठवली जाते आणि तिच्या जागी ज्या सिस्टरने अकराशे ग्रॅमचे बाळ कधी हातात घेतलेले नाही ती येते. तुमच्या पत्रातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ मला तिथे दिसते. त्या अर्जावर माझ्या सहीखाली तुमची सही असेल तर तो टेबलावर पडून राहण्याची शक्यता कमी असते.